घरच्या शेगडीवर चायनीज : आधी पाण्याचा हिशेब

अमळनेरच्या एका ताईंनी विचारले आहे, की दर रविवारी मुले चायनीजच्या गाडीवर जाण्याचा हट्ट धरतात म्हणून त्या घरीच हक्का नूडल्स, फ्राइड राइस आणि व्हेज मन्चुरियन करतात. पण नूडल्सचा गोळा होतो, भाताची खिचडी होते, मन्चुरियनचे गोळे तेलात फुटतात, ग्रेव्ही ताटात येईपर्यंत पातळ होते आणि एवढे सॉस ओतूनही गाडीवरची चव येत नाही. सॉस कोणते घ्यावेत, अजिनोमोटो घालावा का आणि शेजवान चटणी घरी कशी करावी, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ताई, भुसावळ आणि जळगाव मिळून बावीस वर्षे मी चायनीजच्या भट्टीसमोर उभा राहिलो आहे आणि गेली काही वर्षे घरच्या शेगडीवर हेच पदार्थ करायला शिकवतो आहे. तुमच्या पाच तक्रारींपैकी चार तक्रारींचे कारण एकच आहे, आणि ते म्हणजे पाणी. नूडल्सवर राहिलेले पाणी, भातात जिरलेले जास्तीचे पाणी, कोबीतून सुटणारे पाणी आणि ग्रेव्हीतले स्टार्चच्या पकडीतून निसटलेले पाणी. गाडीवाल्याकडे मोठी आग असते, त्यामुळे त्याची थोडी चूक आगीतच वाफ होऊन उडून जाते. आपल्याकडे ती आग नसल्याने पाणी कढईत पोहोचण्याआधीच काढून टाकावे लागते. एवढे साधले, तर उरलेले काम घरच्या शेगडीवर उत्तम होते.

आगीबद्दल आधी सांगतो, कारण बहुतेकांचा समज असा असतो की भट्टीशिवाय हे जमणारच नाही. हॉटेलच्या भट्टीची उष्णता घरच्या मोठ्या बर्नरच्या कितीतरी पट असते. पातळ पत्र्याची कढई त्या ज्वालेवर क्षणात तापते, भाजी टाकल्यावरही थंड पडत नाही आणि तेलाचा बारीक तुषार ज्वालेत पेटून पदार्थाला तो किंचित धुरकट वास देतो. घरी याच्या उलट घडते. तापलेल्या कढईत चार माणसांचा भात एकदम टाकला की कढई थंड पडते, भाज्यांना पाणी सुटते आणि परतण्याऐवजी सगळे वाफेवर शिजू लागते. याला उपाय दोन. पहिला, आपल्या घरात असतेच ती जाड लोखंडी कढई वापरावी. ती तापायला वेळ घेते, पण तापली की उष्णता धरून ठेवते. रिकामी कढई मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे तापवावी, पाण्याचा थेंब टाकल्यावर तो न चिकटता मण्यासारखा पळू लागला की मगच तेल घालावे. दुसरा, एका वेळी दोनच माणसांचा माल कढईत टाकावा. चौघांसाठी दोन घाणे करावे लागतात, आणि त्यात एकूण वेळ जास्त जात नाही, कारण प्रत्येक घाणा तीन-चार मिनिटांत उतरतो.

नॉनस्टिक कढई या कामासाठी घेऊ नये. तिच्यावरचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो आणि रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवली तर ते तापमान लवकर गाठले जाते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही जण घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला बाजारातला हाय प्रेशर रेग्युलेटर लावून भट्टीचा बर्नर चालवतात. घरगुती शेगडी, नळी आणि रेग्युलेटर हे सगळे कमी आणि ठरावीक दाबासाठी बनवलेले असते. चवीसाठी हा धोका कधीही पत्करू नये.

आता भात. फ्राइड राइससाठी इंद्रायणी किंवा चिनोर यांसारखा चिकट, मऊ होणारा तांदूळ घेऊ नये. जुना कोलम किंवा बासमतीचा तुकडा चांगला. चौघांसाठी ४०० ग्रॅम तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवावा, मग भरपूर उकळत्या पाण्यात मीठ घालून शिजवावा आणि दाणा बोटांत दाबल्यावर मध्ये किंचित कणी लागते त्या वेळी चाळणीत ओतावा. कुकरमध्ये मोजक्या पाण्यात शिजवलेला भात सगळे पाणी आत शोषून घेतो, म्हणून तो परतताना मोडतो. निथळलेला भात मोठ्या परातीत पातळ पसरून पंख्याखाली वीस मिनिटे ठेवावा. पृष्ठभागावरची वाफ निघून गेली की झाकून फ्रिजमध्ये रात्रभर, निदान चार तास तरी ठेवावा. थंडाव्यात तांदळातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात आणि दाणा ताठ होतो. शिळा भात परतायला चांगला, असे जे आपल्याकडे म्हणतात, त्यामागचे कारण हेच आहे.

मात्र शिळा म्हणजे ओट्यावर रात्रभर ठेवलेला नव्हे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्याने मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष नंतर कितीही परतले तरी नाहीसे होत नाही. मी नवीन होतो तेव्हा मे महिन्यात एका घरगुती कार्यक्रमासाठी चाळीस माणसांचा भात संध्याकाळी शिजवून टोपल्यात झाकून ठेवला होता. सकाळी झाकण काढल्यावर आंबूस वास आला आणि तो सगळा भात टाकून द्यावा लागला. वास आला म्हणून निदान कळले; या विषाला नेहमीच वास येतो असे नाही. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, तेव्हा शिजवलेला भात एका तासाच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्याच दिवशी संपला पाहिजे.

नूडल्सचे गणित सोपे आहे. १५० ग्रॅमच्या पाकिटाला दीड-दोन लिटर पाणी घ्यावे. कमी पाण्यात नूडल्समधून सुटलेला स्टार्च दाट होतो आणि तोच पुढे डिंकासारखे काम करतो. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी उतरवून लगेच थंड पाण्याखाली धराव्यात, म्हणजे आतल्या उष्णतेने शिजणे थांबते आणि वरचा चिकटपणा धुऊन जातो. यानंतरची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. चाळणीत दहा मिनिटे निथळू द्याव्यात, मग ताटात सुती कापडावर पसरून आणखी दहा मिनिटे वाऱ्यावर ठेवाव्यात आणि त्यानंतरच दोन चमचे तेल हलक्या हाताने चोळावे. ओल्या नूडल्सना तेल लावले तर ते पाण्यावरून घसरते आणि उपयोग होत नाही. उकळत्या पाण्यात तेल घालण्यानेही काही साधत नाही, ते वर तरंगते आणि पाण्याबरोबर ओतले जाते.

परतण्याचा क्रम नूडल्सला आणि भाताला एकच आहे. कढईत तेल तापून त्यावर लाटा दिसू लागल्या की बारीक चिरलेला लसूण, दहा सेकंदांत आले आणि हिरवी मिरची, मग कांदा, फरसबी, गाजर, शेवटी कोबी आणि ढोबळी मिरची. भाज्या धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या असाव्यात. सगळ्या भाज्यांना मिळून दोन मिनिटांहून जास्त वेळ देऊ नये. मीठ या टप्प्यावर अजिबात घालू नये, कारण मीठ लागताच भाजी पाणी सोडते. भात किंवा नूडल्स टाकल्यावर त्या कढईच्या तळाला अर्धा मिनिट न हलवता टेकू द्याव्यात, मग उलटाव्यात. सतत ढवळत राहिलो तर काहीच नीट भाजले जात नाही. सॉस भाज्यांवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडावा. तो कडेवर चर्र होतो, त्यातले पाणी तिथेच उडते, साखर किंचित जळते आणि गाडीवरच्या वासाच्या सर्वांत जवळ जाणारा वास घरच्या कढईत याच रीतीने येतो. मिरपूड, चव पाहून लागलेच तर मीठ, कांद्याची पात, आणि आच बंद करून अर्धा चमचा व्हिनेगर. लोखंडी कढईत पदार्थ तसाच ठेवू नये. व्हिनेगरमुळे लोखंडाची चव उतरते आणि रंग काळवंडतो.

मन्चुरियनकडे येण्याआधी थोडे मागे जातो, कारण आपण कोणती चव शोधतो आहोत हे कळले की हात बरोबर पडतो. चीनमधल्या मंचुरियात असा पदार्थ नाही. कोलकात्याच्या टेंग्रा भागात स्थायिक झालेल्या हक्का चिनी लोकांनी आपल्या स्वयंपाकाला इथल्या मिरची-मसाल्याची जोड दिली आणि त्या परंपरेत वाढलेले नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये काम करताना चिकन मन्चुरियन पहिल्यांदा केले, असे मानले जाते. आले, लसूण आणि हिरवी मिरची हा आपला पाया त्यांनी तसाच ठेवला, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला. म्हणजे मन्चुरियनची ग्रेव्ही ही आपल्या फोडणीवरच उभी आहे. लसूण कच्चा राहिला किंवा करपला, तर पुढे कितीही महागडा सॉस घाला, ती चव येणार नाही. शेवभाजीचा मसाला जिच्या हाताला बसला आहे, तिला लसूण कुठे थांबवायचा हे मी शिकवण्याची गरज नाही.

गोळे फुटतात ते कोबीच्या पाण्याने. पाव किलो कोबी आणि एक गाजर अगदी बारीक चिरून किंवा किसून त्यात अर्धा चमचा मीठ मिसळावे, दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळावे आणि निघालेले पाणी वेगळे ठेवावे. ते ग्रेव्हीत वापरता येते, मात्र त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवावे. मग आले, लसूण, मिरची, मिरपूड, चार मोठे चमचे मैदा आणि तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घालून लगेच गोळे करावेत. मिश्रण तयार करून अर्धा तास ठेवले तर पुन्हा पाणी सुटते, मग आणखी मैदा घालावा लागतो आणि गोळे आतून पिठाळ आणि दगडासारखे होतात. आधी एक गोळा तळून पाहावा. तो फुटला तरच एखादा चमचा कॉर्नफ्लोअर वाढवावे. मध्यम आचेवर फिकट सोनेरी होईपर्यंत तळून काढावेत आणि वाढण्याच्या वेळी मोठ्या आचेवर पुन्हा एकदा मिनिटभर तळावेत. दुसऱ्या तळणीत गोळ्याच्या बाहेरच्या थरातले उरलेले पाणी निघून जाते, म्हणून ग्रेव्हीत पडल्यावर तो लगेच गळत नाही.

आपल्या भागासाठी माझी एक आवडती रीत आहे. रावेर-यावलकडे कच्ची केळी घरात असतातच. दोन कच्ची केळी सालासकट अर्धवट उकडून पूर्ण थंड करावीत, सोलून किसावीत आणि निम्म्या कोबीच्या जागी घालावीत. केळ्यातला स्टार्च मिश्रणाला बांधून ठेवतो, मैदा निम्मा पुरतो आणि गोळा आतून मऊ राहतो. केळी जास्त उकडली तर मात्र मिश्रण चिकट होते, तेवढे जपावे.

ग्रेव्हीच्या बाबतीत पहिली चूक पिठापासूनच होते. आपल्याकडे मका भरपूर पिकतो, त्यामुळे अनेक जणी गिरणीतून दळून आणलेले मक्याचे पिवळे पीठ कॉर्नफ्लोअर म्हणून वापरतात. दुकानात मिळणारे पांढरे, बोटांत करकर वाजणारे कॉर्नफ्लोअर हा मक्यातून वेगळा काढलेला निव्वळ स्टार्च असतो. मक्याच्या पिठात दाण्याचे इतर घटकही असल्याने ग्रेव्ही गढूळ आणि कण्यांची होते, तिला चकाकी येत नाही.

चौघांसाठी सुमारे ४०० मिलिलिटर पाणी लागते, आणि तेही साधे न घेता कोबीचा दांडा, गाजराची टोके, कोथिंबिरीच्या काड्या आणि पातीच्या कांद्याची मुळाकडची बाजू स्वच्छ धुऊन वीस मिनिटे उकळून गाळलेले घ्यावे. भाजीचे पिळलेले पाणी यातच मिसळावे. दोन मोठे चमचे तेलावर एक मोठा चमचा लसूण, तेवढेच आले, दोन हिरव्या मिरच्या आणि एक बारीक चिरलेला कांदा परतावा. त्यात दीड मोठा चमचा साधा सोया सॉस, एक छोटा चमचा डार्क सोया सॉस, एक छोटा चमचा साखर आणि अर्धा छोटा चमचा मिरपूड घालून हे पाणी ओतावे. उकळी आल्यावर दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर चार मोठे चमचे थंड पाण्यात कालवून, ओतण्याच्या क्षणी पुन्हा ढवळून, बारीक धारेने सोडावे. कॉर्नफ्लोअर पाण्याच्या तळाशी लगेच बसते, म्हणून वाटी ढवळायला विसरले की अर्धा स्टार्च वाटीतच राहतो.

ग्रेव्ही दाट झाल्यावर दीड-दोन मिनिटे उकळू द्यावी, म्हणजे कच्चट चव जाते आणि स्टार्चचे कण पूर्ण फुगतात. याहून कमी शिजवली तर ती ताटात पाणी सोडते. त्याउलट दहा-पंधरा मिनिटे उकळत आणि ढवळत राहिलो तर फुगलेले कण फुटतात आणि दाटपणा जातो. व्हिनेगर सुरुवातीला घातल्यानेही हेच होते, कारण आम्लात उकळताना स्टार्चच्या साखळ्या तुटतात; ते नेहमी आच बंद केल्यावर घालावे. पातळ होण्याचे आणखी एक कारण कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. चव पाहिलेला चमचा पुन्हा ग्रेव्हीत घालू नये. आपल्या लाळेत स्टार्चचे विघटन करणारे विकर असते आणि कोमट ग्रेव्हीत ते आपले काम करत राहते. माझ्या वर्गात एका ताईंची ग्रेव्ही दर वेळी पातळ होत असे. त्यांना वेगळी वाटी आणि वेगळा चमचा दिला तेव्हापासून ती तक्रार राहिली नाही. आरारूट वापरायचे असेल तर ते कॉर्नफ्लोअरपेक्षा कमी तापमानाला दाट होते, पण जास्त उकळी आणि ढवळणे त्याला सोसत नाही, म्हणून ते अगदी शेवटी घालून लगेच उतरवावे. गोळे ग्रेव्हीत टाकायचे ते पाने मांडून झाल्यावर.

सॉसबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पैसे खर्च करायचे तर ते सोया सॉसवर करावेत, बाकीच्या बाटल्यांवर नाही. खरा सोया सॉस सोयाबीन आणि गहू यांवर विशिष्ट बुरशी वाढवून, मिठाच्या पाण्यात अनेक महिने आंबवून तयार होतो आणि त्या आंबण्यातूनच त्याला खोल चव येते. स्वस्त बाटल्यांमध्ये बहुधा पाणी, मीठ, रंग आणि प्रथिनांचे रासायनिक विघटन करून केलेला अर्क असतो. बाटलीवरची घटकांची यादी वाचावी; तिच्यात सोयाबीन आणि गहू आधी दिसले आणि नैसर्गिकरीत्या आंबवलेला असा उल्लेख असला तर ती घ्यावी. साधा म्हणजे लाइट सोया सॉस खारट आणि चवीसाठी असतो, डार्क सोया सॉस दाट, किंचित गोडसर आणि मुख्यतः रंगासाठी. घरोघरी एकच डार्क बाटली असते आणि चव येत नाही म्हणून तीच आणखी ओतली जाते; पदार्थ काळा आणि कडवट होतो, चव मात्र तिथेच राहते. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, त्यामुळे मीठ शेवटी आणि चव पाहूनच घालावे. रक्तदाबाचा त्रास असलेल्या घरच्या माणसांसाठी सॉस निम्मा करून आले आणि लसूण वाढवावा.

लाल आणि हिरवा चिली सॉस घेतला नाही तरी अडत नाही. ताजी वाटलेली मिरची, थोडी साखर आणि व्हिनेगर एवढ्यावर काम होते. गाडीवरचा भडक लाल रंग घरी आणण्याचा प्रयत्न करू नये, अशी माझी विनंती आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मन्चुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली, ती तपासलेल्या नमुन्यांत घातक रंग सापडल्यावर. घरात मुलांसाठी करताना मिरचीचा स्वतःचा रंग पुरेसा आहे.

अजिनोमोटो म्हणजे चव वाढवणारे मोनोसोडियम ग्लुटामेट. त्याबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी आहे. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून त्याची चव वेगळी ओळखली. तिचे मूळ असलेले ग्लुटामेट टोमॅटोत, चीजमध्ये आणि सोया सॉसमध्ये आपोआप असतेच. १९६८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी हॉटेलातल्या जेवणानंतर जाणवणाऱ्या त्रासाबद्दल एक पत्र छापले गेले आणि तेव्हापासून संशय पसरला. नंतरच्या काळजीपूर्वक चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने असा त्रास सातत्याने दिसून आलेला नाही. त्यात सोडियमचे प्रमाण सुमारे १२ टक्के, तर मिठात सुमारे ३९ टक्के असते. तरीही वर्षाच्या आतल्या बाळाला ते देऊ नये, आणि कोणाला ते खाल्ल्यावर अस्वस्थ वाटत असेल तर त्यांच्यासाठी घालू नये. घालायचेच असेल तर चौघांच्या पदार्थाला पाव छोटा चमचा पुरतो. गाड्यांवर तेच मुठीने पडते, कारण तिथे ते चांगल्या सोया सॉसची आणि भाजीच्या रश्श्याची उणीव भरून काढते. वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही नीट असतील तर मी स्वतः घरी ते वापरत नाही.

चिकनबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो म्हणून थोडक्यात लिहितो. पाव किलो बोनलेस चिकनच्या पातळ कापांना पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळून वीस मिनिटे ठेवावा आणि मग स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करावे. नंतर अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, थोडा सोया सॉस आणि एक चमचा तेल लावून तळावे. सोड्यामुळे मांसातली प्रथिने शिजताना घट्ट आवळली जात नाहीत आणि रस आत राहतो. सोडा धुतला नाही तर साबणासारखी चव येते.

राहिली शेजवान चटणी, आणि ती करायला खान्देशासारखा प्रदेश नाही. हिवाळ्यात नंदुरबारला गेलात तर गावाबाहेरच्या पथारींवर दूरपर्यंत लाल मिरची वाळत पडलेली दिसते. तिथली तिखट मिरची २० ग्रॅम आणि रंगासाठी ब्याडगी ३० ग्रॅम घ्यावी. देठ आणि बहुतेक बिया काढून मिरच्या कढत पाण्यात तासभर भिजवाव्यात, निथळून जाडसर वाटाव्यात आणि वाटताना भिजवलेले पाणी शक्य तेवढे कमी घालावे. १५० मिलिलिटर रिफाइंड सरकीचे तेल मंद आचेवर तापवून त्यात १०० ग्रॅम बारीक चिरलेला लसूण आठ-दहा मिनिटे, रंग न बदलता, शिजू द्यावा. मग ४० ग्रॅम आले, मूठभर कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आणि मिरचीचे वाटण घालावे. घाण्याचे शेंगदाणा तेल आपल्याला प्रिय असले तरी त्याचा वास या चटणीत सोया सॉसवर चढतो, म्हणून मी ते इथे टाळतो. वाटण मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे, कडेने तेल सुटेपर्यंत आणि बुडबुड्यांचा आवाज मंदावेपर्यंत परतावे. आवाज मंदावला म्हणजे मिरचीतले पाणी संपले. त्यानंतर एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा साखर, दीड छोटा चमचा मीठ आणि उतरवल्यावर तीन मोठे चमचे व्हिनेगर.

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या ज्या मिरीमुळे जिभेला मुंग्या येतात, ती मिरी आपल्या शेजवान चटणीत सहसा नसते. पण कोकणात माशांच्या कालवणात घालतात ते तिरफळ तिच्याच कुळातले आहे. मोठ्या किराणा दुकानात मिळाले तर चार-पाच तिरफळांच्या आतल्या काळ्या बिया काढून टाकाव्यात, साले कोरडी भाजून कुटून चटणीत घालावीत आणि आधी थोड्याशा चटणीत मिसळून घरच्यांना ती चव रुचते का, हे पाहावे.

तेलात ठेवलेला लसूण बाहेरच्या उष्णतेत सुरक्षित राहत नाही, व्हिनेगर घातलेले असले तरी जोखीम घेऊ नये. चटणी गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावी, दर वेळी कोरडाच चमचा घालावा आणि पंधरा दिवसांत संपवावी. ५० ग्रॅम मिरचीची ही चटणी चौघांच्या घरात दोन-तीन रविवारांना पुरण्याइतकी होते. तेवढे लागत नसेल तर सगळे प्रमाण निम्मे घ्यावे, लसूण शिजवण्याचा वेळ मात्र घड्याळावर न मोजता वासावर ठरवावा, कारण कमी तेलात तो लवकर करपतो.